ओठांवरचे पत्ते

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दोन महिने, रोज दुपारी, मी माझ्या हातातले पत्ते समोरच्या माणसाला वाचून दाखवत होतो. त्याने विचारले नव्हते. मीही सांगायचे ठरवले नव्हते. फक्त माझे ओठ हलत होते, आणि समोरच्या माणसाची चाळीस वर्षे यंत्रमागाच्या खटखटाटात उभे राहून लोकांचे ओठ वाचण्यात गेली होती. एवढे सांगितले की पुढचे कुणालाही कळेल. मला कळायला अकरा सामने हरावे लागले.

परवा कूलर पुसला. जाळीतले जुने गवत काढून नवे बसवले आणि टाकीत पहिली बादली ओतली. मोटर घरघरली, ओल्या गवताचा वास खोलीभर झाला, आणि मी सवयीने मोठ्याने म्हणालो, "ब्लाइंड डबल!" घरात ऐकायला कुणी नव्हते. भिंतीवरच्या पालीने तेवढी मान वळवली. मग मी फडताळातली चिंचोक्यांची बरणी काढली, उगीच हलवून पाहिली, आणि पुन्हा ठेवून दिली. सोलापूरचा उन्हाळा असा एकदम अंगावर येतो. बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. पत्र्यांचे कडकडणे ऐकू येते, आणि दुपार एवढी लांब होते की माणसाला स्वतःची सोबत पुरत नाही.

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेत होतो आणि स्वतःच्या फुकट करत होतो. पाठ्यपुस्तके, गाइडे, पंचांगे, लग्नपत्रिका, काय म्हणाल ते वाचले. आमच्या धंद्यात शब्द नुसता डोळ्यांनी वाचून भागत नाही. डोळा लबाड असतो, जे असायला हवे तेच त्याला दिसते. म्हणून अक्षर न् अक्षर ओठांवर घ्यायचे. तेहतीस वर्षांत ती खोड हाडात मुरली. निर्मला, माझी बायको, म्हणायची, "अहो, पेपर वाचताय की शेळीसारखं रवंथ करताय?" ती गेल्यावर असे विचारणारे कुणी उरले नाही. मग रवंथ वाढले. आधी वाचताना ओठ हलायचे, नंतर भाजी चिरतानाही हलायला लागले. आवाज मात्र नाही. एकट्याच्या घरात आवाज करायला काहीतरी कारण लागते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक गृहस्थ हस्तलिखित घेऊन छापखान्यात आले होते. बरीच वर्षे परदेशात राहून आलेले, बोलताना खांदे उडवायचे. पुस्तकाचा विषय होता दोघांनी खेळायच्या पोकर-स्पर्धा जिंकण्याचे डावपेच. आमच्या मालकांनी पान उलटून माझ्याकडे पाहिले, मी वर पंख्याकडे पाहिले, आणि काम घेतले. तीनदा प्रुफे काढली, तीनदा वाचली. गृहस्थ गेले ते परत आलेच नाहीत. पुस्तक निघाले नाही. चौसष्ट पानांचा गठ्ठा रद्दीत जायचा तो मी घरी आणला. जगात त्या पुस्तकाचा एकच वाचक आहे, आणि तो सोलापुरात पूर्वभागातल्या एका गल्लीत राहतो.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते, गुप्त. मध्ये टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडे मांडायचे, ते दोघांचेही. प्रत्येक टप्प्याला बोली लावायची, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. पत्ते बघायच्या आधीच दोघांनी थोडे थोडे सक्तीने मध्ये ठेवायचे, त्याला ब्लाइंड म्हणतात. स्पर्धेत हा ब्लाइंड ठरावीक वेळाने दुप्पट होत जातो. ज्याचे संपले तो हरला.

पण हे पुस्तक दहा जणांच्या टेबलाचे नव्हतेच. दहा जणांत माणसाला लपता येते. पत्ते टाकत बसावे, दुसऱ्यांची भांडणे बघावीत, शेंगा खाव्यात, आणि तासाभराने एक्के आले की मग मान वर करावी. दोघांत ती सोय नाही. प्रत्येक डाव तुमचाच, ब्लाइंड दर वेळी तुमचाही. दहा जणांत कचरा ठरणारा पत्ता दोघांत चालून जातो, नुसता एक्का हातात असला तरी तो मोठा धरायचा, आणि कुठलीही जोडी आली तर देव पावला समजायचे. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसणारा दोघांच्या खेळात पत्त्यांनी हरत नाही. वाट बघूनच हरतो, कारण बसल्या बसल्या ब्लाइंड त्याला कुरतडत असतो. हे वाक्य मी तीनदा तपासले होते. त्यात एकही चूक नव्हती. मला ते लागू पडते हे मात्र तिन्ही वेळा नजरेतून सुटले.

कारण त्या उन्हाळ्यात मी वाटच बघत होतो. मंजूच्या फोनची.

मंजू माझी मुलगी, पुण्याला नोकरी करते. आई गेल्यापासून दर रविवारी दहा वाजता तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाणी आलं का. शेवटचा प्रश्न सोलापूरकरालाच विचारतात, कारण आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते आणि आले की ती बातमी असते. मला फोन पुरेना. मला ती समोर हवी होती. तसे सांगता आले असते. "मंजू, ये गं, करमत नाही." चार-पाच शब्द. त्याऐवजी मी चौसष्ट पानी ज्ञान वापरले. दिवाळीनंतरचे दोन रविवार मी फोन उचललाच नाही. वाजत होता, मी बघत होतो. दुसऱ्या रविवारी तो बारा वेळा वाजला. मग मी उठून शेंगाच्या पोळ्या केल्या, कारण हिशोबाने संध्याकाळपर्यंत ती पोचायला हवी होती. ताटे मांडली. दोन.

ती आली. माझा ब्लफ शंभर टक्के यशस्वी झाला असे पुस्तकात लिहिता आले असते. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या चपला. दारातून माझ्याकडे बघितले, मी ठणठणीत. मग तिची नजर माझ्यामागे ताटांवर गेली.

"तुम्हाला माहीत होतं मी येणार," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बस ना, पोळ्या गरम आहेत."

ती बसली नाही. ज्या रिक्षाने आली ती अजून कोपऱ्यावरच होती, तिच्यातच बसून ती स्टँडवर गेली. त्यानंतर रविवारी दहा वाजता घरात नुसते दहा वाजायचे.

ज्याला पत्ते टाकताच येत नाहीत त्याला कधी ब्लफ मारू नये, असा त्या पुस्तकात एक नियम होता. पान एकतीस. मी त्यातले दोन स्वल्पविराम काढले होते.

तर असा मी मार्चमध्ये कूलर लावून बसलो होतो आणि समोरच्या घरातले मल्लेशमअण्णा दारात येऊन उभे राहिले. हातात पाण्याची अर्धी बादली. अण्णा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. चादरींचे माग बिघडले की दुरुस्त करणारा तो जॉबर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि उजवा कान मागांनी खाल्लेला. डावा थोडा शिल्लक होता. बायको गेलेली, मुलगा सुरतेला, आणि इथे ते पुतण्याच्या घरात, पत्र्याच्या खोलीत राहायचे.

"मालक," ते म्हणाले. सोलापुरात कुणीही कुणालाही मालक म्हणतो, पण अण्णांच्या तोंडी त्यात बारीकसा चिमटा असायचा. "तुमच्या कूलरला पानी आनलंय. त्याच्या बदल्यात वारं खातो. चालंल?"

चार-पाच दिवसांनी मिळणारे पाणी कुणी बादलीने आणून दिले तर सोलापुरात नाही म्हणत नाहीत. अण्णा कूलरसमोर बसले, बनियन वर करून पोटाला वारा घेतला आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी पत्त्यांचा कॅट काढला.

"पत्ते येतात का, अण्णा?"

"तीन पत्ती येती. पैशावर न्हाय खेळत. बायकोला शब्द दिलाय."

"हा वेगळा खेळ आहे. दोघांचाच. मी शिकवतो."

शिकवतो म्हणताना माझी छाती किती फुगली होती ते अण्णांनी पाहिलेच असेल.

त्यांच्या पुतण्याच्या बायकोने वर्षाची चिंच फोडून घेतली होती, तिच्याकडून त्यांनी चिंचोके आणले. दोघांना शंभर-शंभर. अण्णा ते तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू, आणि दहा झाले की नखाने एक टिचकी. कूलरमध्ये बादली ओतायची वेळ झाली की ब्लाइंड दुप्पट, असे ठरले. आणि अकरा सामने जो आधी जिंकेल तो स्पर्धेचा विजेता. स्पर्धक दोन, प्रेक्षक पाल.

"जिंकल्यावर काय?" मी विचारले.

अण्णांनी विचार केला. "जिंकनारा एक गोष्ट सांगंल. हरनाऱ्यानं ती करायची. न्हाय म्हनायचं न्हाय."

"कबूल," मी म्हणालो, पुस्तक माझ्याकडे होते म्हणून.

माझी गोष्ट पहिल्या आठवड्यातच ठरली. गल्लीत बोलणे होते की मे संपता संपता अण्णांचा मुलगा येणार आणि त्यांना कायमचे सुरतेला नेणार. मी जिंकलो असतो तर सांगणार होतो, अण्णा, जाऊ नका. एवढेच. असली मागणी सरळ करायची तर लाज वाटते. पत्त्यात जिंकून केली तर तो नियम होतो.

आणि मी हरायला लागलो.

साधेसुधे हरणे नव्हते ते. माझ्याकडे एक्क्यांची जोडी आली की अण्णा जांभई देऊन पत्ते टाकायचे. मला मिळायचे ब्लाइंडचे दोन चिंचोके. माझ्याकडे दुर्री-सत्ती असताना मी छाती काढून चाळीस चिंचोके पुढे सरकवले की अण्णा तिर्रीच्या जोडीवर म्हणायचे, "बगू की." मी पुस्तक काढून वाचायचो. अंगावर खेळा असे लिहिले होते, म्हणून अंगावर खेळलो. दुसऱ्या दिवशी गप्प खेळलो. पत्ते वाटणाऱ्याला पुढच्या फेऱ्यांत शेवटी बोलायला मिळते, म्हणून त्याचे पारडे जड असते. तर वाटायची पाळी माझी असताना दडपून बोली लावली. समोरच्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा, असा एक अख्खा धडा होता. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसायचो. अण्णांचा चेहरा म्हणजे धुतलेली पाटी. शेवटी मी स्वतःचा चेहरा लपवायला निर्मलाचा जुना काळा गॉगल लावला. कूलरसमोर, घरात, बनियनवर गॉगल. अण्णा पोट धरून हसले आणि तोही सामना जिंकले.

"मालक, पुस्तकात काय म्हनतंय आता?"

"धीर धरा म्हणतंय."

"धरा की मग. सुटला व्हय हातातनं?"

पण आज मागे बघताना हरणे मला आठवतच नाही नीट. आठवतात त्या मधल्या गोष्टी. टोपलीतल्या कडक भाकरीचा तुकडा मोडताना होणारा आवाज, आणि त्यावर शेंगाची चटणी. विचार करताना अण्णा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे, तुटलेला धागा सांधावा तसे. वीज जायची, कूलर थांबायचा, आणि त्या एकदम आलेल्या शांततेत आम्ही दोघे घाम टिपत पत्ते धरून बसायचो, कुणीच उठायचे नाही. मला वाटायचे आम्ही काहीच बोलत नाही. दोन गप्प म्हाताऱ्यांची बरी जोडी जमली असे मी मनात म्हणायचो. आता कळते, त्या खोलीत एक माणूस अखंड बडबडत होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दहा विरुद्ध दोन झाले होते. माझे ते दोन विजयही अण्णांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता त्या आठवड्यातले, हे मला नंतर सुचले. शेवटच्या सामन्यात चौथी बादली ओतली गेली, ब्लाइंड सोळावर गेला आणि माझ्याकडे बावीस चिंचोके उरले. अशा वेळी पुस्तक सांगते की आता कुरतडून घेऊ नका, बरा पत्ता दिसताच सगळेच्या सगळे पुढे ढकला. माझ्याकडे राजा आणि नव्वी. ढकलले. अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, सावकाश एक्का उलटा करून दाखवला आणि म्हणाले, "बगू की." मधल्या पाच पत्त्यांनी कुणालाच काही दिले नाही. एक्का मोठा ठरला.

"अकरा झाले," अण्णा म्हणाले. "आता माजी गोष्ट."

"सांगा."

"मंजूला फोन लावा."

मी त्यांच्यासमोर मंजूचे नाव कधी काढले नव्हते. गल्लीत कुणाकडेच नाही.

"कोण मंजू?" मी म्हणालो. हा त्या उन्हाळ्यातला माझा शेवटचा ब्लफ.

"तुमची पोरगी. दोन ताटं मांडली व्हती तुमी, ती बगून माघारी गेली ती."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमी की! रोज सांगता. पत्ते हातात आले की आदी पत्ते सांगता. इस्पिक राजा, बदाम नव्वी. मग मी इचार कराय बसलो की तुमी पोरीशी बोलाय लागता. मंजू, असं नको व्हतं कराय. मंजू, पोळ्या वाया गेल्या." त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले. "कारखान्यात चाळीस माग एकदम चालतेत, मालक. तितं कान कामाला येत न्हाय. चार माग पल्याड हुबा मानूस काय म्हनतो ते तोंडावर वाचायचं. बायकोचं भांडन, पोराचा ताप, सगळं आमी असंच ऐकलंय."

मला आधी राग आला. राग हा सोपा पत्ता, पहिल्यांदा तोच खेळला जातो.

"म्हणजे फसवून जिंकलात तुम्ही!"

"फसवलं कुटं? तुमी बोलला, मी ऐकलं. का डोळे मिटून खेळू?"

"मग पहिल्या दिवशीच सांगायचं ना!"

अण्णा चिंचोके बरणीत भरत होते. ते थांबले. "सांगितलं असतं तर तुमी तोंड मिटून घेतलं असतं. मग माज्याशी कोन बोललं असतं? घरात सगळी बोलतेत, पन पाठ करून. माज्याकडं तोंड करून बोलनारं तुमीच हायसा."

मी गप्प. यावेळी ओठसुद्धा.

"आन ते दुसरं पन वाचलं मी," ते कूलरकडे बघत म्हणाले. "जाऊ नका, अण्णा, म्हनता ते. त्याला माज्या हातात पत्ता न्हाय, मालक. पोरगा तिकीट काडून बसलाय."

अण्णा मेच्या शेवटी गेले. त्यांच्या खोलीत आता पुतण्याने चादरींचे गठ्ठे ठेवलेत. कधीमधी ते सुरतेहून व्हिडिओ लावतात. मी आवाज न करता बोलतो, त्यांना सगळे कळते, आणि त्यांची सून मागून म्हणते, फोन बिघडलाय वाटतं. पण पडद्यावर माझा चेहरा बोटभर दिसतो, त्यांचा चष्मा जुना झाला, आणि अलीकडे ते निम्म्यातच मान डोलवून फोन ठेवतात. मी इथे कधी दोन्ही बाजूंनी खेळून बघतो. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जातो. दोन्हीकडून हरायला फक्त मलाच जमते.

रविवारी दहाला फोन वाजतो. पहिल्या रिंगला उचलतो. मंजूला वाटते मी फोनवर बसूनच असतो. बरोबर वाटते तिला. वर्षातून दोनदा येते, ताटे तीच मांडते. बाकीच्या दिवसांचे काय करायचे ते कुठल्याच पानावर नाही.

पण तो पहिला फोन मात्र राहून राहून आठवतो. अण्णांनी मला उठूच दिले नाही. फोन टेबलावर, उरलेल्या चिंचोक्यांच्या मध्ये ठेवायला लावला. "ते मोठ्या आवाजाचं करा, मलापन ऐकू द्या," म्हणून डावा कान पुढे करून बसले. एक रिंग. दोन. मला वाटले, उचलणार नाही. माझ्याच औषधाचा डोस मला मिळणार. चौथ्या रिंगला खडखड झाली आणि सहा महिन्यांनी मंजूचा आवाज त्या खोलीत आला.

"हॅलो."

आणि मी बोललो. सगळे बोललो. मंजू, मी चुकलो. तुला घाबरवायचं नव्हतं, तू हवी होतीस, आणि ते सांगायची अक्कल नव्हती. ती ताटं मी आठ दिवस उचलली नव्हती. तू ये, नाहीतर मी येतो, नाहीतर नुसती रविवारी विचार पाणी आलं का म्हणून. आयुष्यात इतके सलग, इतके निर्दोष मी कधी बोललो नव्हतो. तपासायला दिले असते तर एक खूण पडली नसती.

"हॅलो?" मंजू म्हणाली. "हॅलो, बाबा? बाबा, तुम्हीच आहात ना? हॅलो?"

अण्णा आधी माझ्या ओठांकडे बघून मान डोलवत होते. मग त्यांची मान थांबली. त्यांनी फोनकडे पाहिले, माझ्या गळ्याकडे पाहिले, आणि टेबलावर असा हात आपटला की चिंचोके उडाले.

"मालक, आवाज काडा की! ती काय मागावर कामाला न्हाय."